अपस्ट्रीम बाई

भदाणे बाईंकडे एखाद्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारायला गेलेला माणूस लवकर परत येत नसे. दुसरा कुणी एका शब्दात उत्तर देऊन मोकळा झाला असता. बाई आधी विचारत, "कुठं भेटला तुला हा?" जणू शब्द नव्हे, बाजारात भेटलेला कुणी पाहुणाच. मग ते अख्खं वाक्य सांगावं लागे. वाक्य आठवत नसलं तर "जा, त्याच्या माणसांसकट घेऊन ये" म्हणून परत पाठवत. एकटा आणलेला शब्द त्यांना चालत नसे.

यावलपासून जवळच, केळीच्या बागांनी वेढलेल्या एका मोठ्या गावातल्या शाळेत आम्ही दोघं बरोबर होतो. मी गणित शिकवायचो, बाई इंग्रजी. अंगानं किरकोळ, सुती साडी, पायात जाड तळाच्या पुरुषी चपला आणि काखेत छत्री. ही छत्री त्यांनी उघडलेली मी फारशी पाहिली नाही. तिचा उपयोग फळ्यावरचा शब्द दाखवायला, खिडकी लोटायला आणि वर्गात शिरलेलं कुत्रं हाकलायला होई. डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. तो खाऊन आमच्या डोळ्यांत पाणी आलं की त्या समाधानानं म्हणत, "धुळ्याचा आहे."

धुळे त्यांचं माहेर. पांझरेच्या काठी वाढलेल्या. आमच्याकडे, म्हणजे जळगावच्या पूर्वेला, बोली वेगळी. त्यामुळे बाईंच्या तोंडून 'आहे'च्या जागी 'शे' आणि 'सगळा'च्या जागी 'बठ्ठा' ऐकलं की पोरं तोंडावर हात ठेवून हसायची. बाईंना त्याचं काही वाटत नसे. त्यांचा एक नियम होता, आणि तो शाळेत सगळ्यांना ठाऊक होता. रागावल्या की त्या छापील मराठीत बोलत आणि माया आली की अहिराणीत. त्यामुळे "आपण गृहपाठ का केला नाहीत?" हे ऐकून पोरगं दप्तरात तोंड घालून वही शोधायला लागे, आणि "काय रे, आज गह्यरा गुपचूप शे तू?" म्हटलं की त्याच पोराचा चेहरा फुले.

नववीच्या एका धड्यात 'अपस्ट्रीम' हा शब्द आला, तेव्हाची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते आणि आमच्या गावची नदी वाहत होती. ही नदी सातपुड्यातून येते आणि वर्षातले बरेच महिने नुसती वाळू असते. बाईंनी हेडमास्तरांना सांगितलं, मला मदतीला घेतलं आणि वर्ग उचलून पुलावर नेला.

"अपस्ट्रीम कोणीकडे?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी उत्तरेकडे, डोंगराकडे हात केले.

"बरोबर. का?"

"वर म्हणजे उत्तर, बाई. नकाशात असते ना," एक पोरगा म्हणाला.

बाईंनी छत्री पुलाच्या कठड्यावर टेकवली. "मग तापीवर चल. भुसावळकडून पाणी येतं. म्हणजे अपस्ट्रीम कुठं?"

"पूर्वेला," पोरगा जरा विचार करून म्हणाला.

"गिरणेवर?"

"दक्षिणेला."

"आणि माझ्या धुळ्याला पांझरा येते पश्चिमेकडून. मग? नकाशातलं वर वेगळं, नदीतलं वर वेगळं. नदीत उभं राहायचं आणि पाणी अंगावर कुठून येतं ते बघायचं. तोंड तिकडे केलं की समोर अपस्ट्रीम, पाठीमागे डाऊनस्ट्रीम. वरचं अंग, खालचं अंग. तुमच्या आजीला विचारा, तिला इंग्रजी येत नसलं तरी हे येतं."

मग वाक्यं करायला लावली. एका मुलीनं म्हटलं, 'ही वेंट टू अपस्ट्रीम.' बाईंनी मान हलवली. "इथं 'टू' नको गं. आपण 'घरी जातो' म्हणतो. 'घरीला जातो' म्हणतो का? त्या 'घरी'त दिशा आलीच. तसंच हे. ही वेंट अपस्ट्रीम. पण पुलाच्या वरच्या अंगाला म्हणायचं असलं तर 'ऑफ' लागतं. अपस्ट्रीम ऑफ द ब्रिज."

त्या वेळी पुलाच्या वरच्या अंगाला, अगदी त्या वाक्यातल्या जागी, वसंतभाऊ चौधरी नदीत उभे राहून फवारणीचा पंप धूत होते. वसंतभाऊ म्हणजे गावातले मोठे केळीवाले. पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची साखळी, आवाज असा की शेतात बोलले तर रस्त्यावर ऐकू यावं. पंपातलं पांढुरकं पाणी वाहत पुलाखालून पुढे चाललं होतं, आणि पुढे बायका कपडे धूत होत्या, म्हशी पाणी पीत होत्या.

बाईंनी पुलावरून हाक मारली, "वसंतभाऊ! तुम्ही अपस्ट्रीम आहात!"

वसंतभाऊंनी वर पाहिलं आणि तितक्याच मोठ्यानं उत्तर दिलं, "नाही बाई, मी चौधरी आहे!"

वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. बाईही हसल्या, पण तशाच खाली उतरल्या, वाळूतून त्यांच्याजवळ गेल्या आणि शब्द समजावून सांगितला. त्या काय म्हणाल्या ते आम्हाला वरून ऐकू आलं नाही. वसंतभाऊंनी मात्र खाली म्हशींकडे एकदा पाहिलं, पंप उचलला आणि काठावर चढून गेले. त्यानंतर गावात तो शब्दच चालू झाला. कुणी नदीत काही टाकायला लागलं की पोरं काठावरून ओरडायची, "अपस्ट्रीम! अपस्ट्रीम!" वसंतभाऊंना पाठीमागे तेच नाव पडलं, आणि त्यांच्याबरोबर बाईंनाही. अपस्ट्रीम बाई.

दोन-तीन वर्षांनी वसंतभाऊंनी शेताजवळ पॅकहाऊस काढलं. बागेतून केळीचे घड यायचे, त्यांच्या फण्या कापायच्या, टाकीत धुवायच्या, पुसून खोक्यांत भरायच्या आणि कंटेनर आखातात रवाना. गावातल्या पुष्कळ बायकांना तिथं काम मिळालं होतं. धुण्याच्या टाकीवर उभ्या असणाऱ्यांत आमच्या शाळेतल्या मुलांच्या आयाही होत्या.

एक दिवस मधल्या सुट्टीत वसंतभाऊ तावातावानं शाळेत आले. आम्ही डबे उघडून बसलो होतो. ते थेट बाईंसमोर उभे राहिले.

"बाई, तुमी सांगलं का त्याहिले?"

"कोणाला? काय?"

"त्या मुंबईच्या कंपनीवाल्याले. मी पंप नदीत धुतला होता ते."

बाईंनी हातातला घास तसाच खाली ठेवला. "वसंतभाऊ, आधी बसा. पाणी घ्या. काय झालं ते सांगा."

झालं होतं असं. त्यांचा माल आखातात पोचला तेव्हा केळींवर काळे डाग उठले होते. माल नाकारला गेला. मुंबईच्या कंपनीतला एक तरुण साहेब फोनवर मराठी-इंग्रजी मिसळून बोलला आणि शेवटी म्हणाला, तुमचा प्रॉब्लेम अपस्ट्रीम आहे, तिथं बघा. बाकीचं इंग्रजी वसंतभाऊंच्या डोक्यावरून गेलं. पण हा एक शब्द मात्र त्यांना पक्का माहीत होता. त्यांना वाटलं, पाणी दूषित आहे असं हा म्हणतो. त्यांनी टाकी रिकामी करून घासून घेतली, बोअरचं पाणी तपासायला जळगावला पाठवलं. पाणी स्वच्छ निघालं. पुढच्या मालावरही डाग उठले. मग दुसरं काही सुचेना म्हणून टाकीवरच्या बायकांनाच त्यांनी 'तुमचे हात जड आहेत' म्हणून घरी बसवलं.

हे शेवटचं ऐकलं आणि बाईंचं मराठी छापील झालं. "आपण त्या बायकांना कामावरून कमी केलंत?"

"मग काय करू? डाग पडले ना बाई."

"ते साहेब नेमकं काय म्हणाले? अख्खं वाक्य सांगा."

वसंतभाऊंना वाक्य आठवेना. बाईंनी तिथल्या तिथे त्यांना फोन लावायला लावला, स्वतः बोलल्या, आणि फोन ठेवून हसल्या. राग गेलेला दिसला.

"वसंतभाऊ, तो नदीचं बोलत नाही. नदीचा शब्द आता कारखान्यात गेलाय. जिथं जिथं एकामागून एक काम चालतं तिथं तिथं हा वापरतात. तुमच्याकडे काय वाहतं?"

"पाणी."

"केळी वाहतात. बागेतून निघतात, ट्रॉलीत येतात, टाकीत येतात, खोक्यात जातात, बोटीत जातात. तुमच्या शेडच्या वरच्या अंगाला काय आहे?"

वसंतभाऊंनी बोटांवर उलटं मोजलं. मग हळूच म्हणाले, "बाग."

"चला मग."

शाळा सुटल्यावर बाई निघाल्या आणि मलाही चला म्हणाल्या. बागेत कापणी चालली होती. माणसं घड कापून खाली मातीवर टेकवत होती. मग दोघं मिळून उचलून ट्रॉलीत एकावर एक रचत होती. ट्रॉली भरली तशी बाई म्हणाल्या, मी यातून येते. वसंतभाऊ नको नको म्हणत राहिले. बाई छत्री घेऊन ट्रॉलीच्या कडेवर चढून बसल्या. बागेतून शेडपर्यंतचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. ट्रॉली उडाली की बाई उडायच्या आणि घड घडांवर आपटायचे. मागून मोटारसायकलवर येणारे वसंतभाऊ ते सगळं पाहत होते. शेडपाशी बाई उतरल्या, कंबर धरून उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी वसंतभाऊंशी अहिराणीत बोलायला सुरुवात केली.

"भाऊ, मन्हीच अशी गत व्हयनी, त्या केळीसनी काय व्हयी?"

वसंतभाऊ घडाकडे पाहत होते. वरून काहीच दिसत नव्हतं. हिरवीगार केळी. मार आत बसतो आणि केळ पिकायला लागल्यावर वर येतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. आयुष्य केळीत गेलेलं. पण पिकायच्या आधीच माल दूर गेलेला असे. डाग दिसे तेव्हा तो कुणाच्या हातून पडला हे सांगायला तिथं कुणी नसे.

"बायका उद्यापासून येतीन," ते म्हणाले.

"तुम्ही स्वतः जाऊन सांगा," बाई म्हणाल्या. "निरोप नको."

आणि वसंतभाऊ गेले. त्या घरोघरी जाण्याची चर्चा गावात बरेच दिवस होती, कारण वसंतभाऊ कुणाच्या दारात उभे राहून 'चुकलं माझं' म्हणतील असं कुणाला वाटलं नव्हतं. पुढे घड मातीवर ठेवायचं बंद झालं, ट्रॉलीत फोमच्या गाद्या आल्या, रस्त्यावर मुरूम पडला. माल पास व्हायला लागला.

आम्ही शाळेत ही गोष्ट चवीनं सांगत असू. बाईंचं मात्र त्या दिवसांत त्या गोष्टीत लक्ष नसे. तेव्हा दहावीचा निकाल लागला होता आणि इंग्रजीत पुष्कळ मुलं गेली होती. हेडमास्तर सोनवणे सर माणूस भला, पण निकालाच्या दिवसांत त्यांची झोप उडत असे. त्यांनी बैठकीत सांगितलं, यंदा दहावीला जादा तास, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. इंग्रजी बाईंकडेच राहील. बाईंइतकं चांगलं कुणी शिकवत नाही.

बाई उठून उभ्या राहिल्या. "सर, मला दहावी नको. पाचवी द्या."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. शाळेत दहावीचा वर्ग म्हणजे मान. पाचवी नवख्या शिक्षकाच्या गळ्यात मारायची.

"बाई, रागावलात का?" सरांनी विचारलं.

"नाही हो. मी इतकी वर्षं टाकीवर उभी आहे. मुलं माझ्याकडे येतात तोवर मार बसून गेलेला असतो. मी नुसती धुते आणि पुसते. दहावीच्या मुलाला वाचता येत नाही सर. आणि तो ते इतक्या हुशारीनं लपवतो की ती हुशारी बघून मला रडू येतं."

"लोक काय म्हणतील? बाईंना खाली उतरवलं म्हणतील."

"म्हणू द्या."

सरांनी दोन दिवस घेतले आणि पाचवी दिली.

पहिलं वर्ष वाईट गेलं. नव्या शिक्षकाच्या हाताखाली दहावीचा निकाल आणखी घसरला. पालक सरांकडे आले. चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलं, 'बाई घाबरून पळाल्या.' बाईंच्या कानावर ते गेलंच. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. छत्री मांडीवर आडवी ठेवून बसून राहिल्या. मी काही बोलायला गेलो तर म्हणाल्या, "महाजन सर, आज काही समजावू नका. उद्या समजावा." दुसऱ्या दिवशी पाचवीच्या वर्गातून पोरांच्या ओरडण्याचा आवाज आला म्हणून मी डोकावलो. बाई टेबलाखाली बसल्या होत्या. वर्ग त्यांना इंग्रजीत हुकूम सोडत होता, कम आऊट, सिट डाऊन, आणि चुकीचा हुकूम आला की बाई हलत नव्हत्या. समजावायची गरज उरली नव्हती.

एकच गोष्ट त्यांना लागून राहिली. त्या पाचवीत मनीषा नावाची मुलगी होती. आईबाप सातपुड्यातल्या पाड्यावरून केळीच्या कामाला आलेले, बागेतच झोपडी करून राहणारे, घरी पावरी ही पावरा आदिवासींची बोली बोलणारे. मनीषा वर्गात तोंड उघडत नसे. बाईंनी मराठीत बोलून पाहिलं, अहिराणीत बोलून पाहिलं. तिच्या डोळ्यांत काही हलत नसे. फक्त चित्र काढायला दिलं की ती बारीक बारीक पानांची झाडं काढायची. बाई मला म्हणाल्या, "मी तिला इंग्रजी शिकवते आहे, पण तिच्या आणि माझ्यामध्ये अजून एकही शब्द नाही." हंगाम संपला आणि एक दिवस ती झोपडी मोडलेली दिसली. मनीषा कुठल्या पाड्यावर गेली ते मुकादमालाही सांगता आलं नाही. बाई छत्री काखेत धरून त्या रिकाम्या जागेवर बराच वेळ उभ्या राहिल्या होत्या, असं वसंतभाऊंनी मला नंतर सांगितलं.

पाचवीची ती मुलं एकेक वर्ग वर चढत गेली. बाईंनी पाचवी सोडली नाही. निवृत्त झाल्या त्या पाचवीतूनच. त्यांचा निरोपसमारंभ लहान झाला. भाषणं आटोपशीर होती आणि वसंतभाऊंनी केळीचा इतका मोठा घड आणला की फोटोत बाई दिसेनात.

त्या पहिल्या पाचवीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा बाई शाळेत नव्हत्या. इंग्रजीत जवळजवळ सगळी मुलं पास झाली. दहावीला शिकवणारे ते नवे शिक्षक, ज्यांनी पहिल्या वर्षी सगळ्यांची बोलणी खाल्ली होती, पेढे घेऊन आले आणि मला म्हणाले, "सर, ही मुलं माझ्याकडे आली तेव्हाच वाचत होती. मी फक्त पुढचं शिकवलं." मी बाईंना फोन केला. पलीकडे कागद-पेन शोधल्याची खुडबुड ऐकू आली. मग त्या एकेकाचं नाव घेऊन विचारायला लागल्या, याला किती, तिला किती, आणि तो सारखा पेन्सिल चावणारा, तो पास झाला का? झाला म्हटल्यावर म्हणाल्या, "भलतं ग्वाड वाटनं." एवढंच. फोन बंद.

निवृत्तीनंतर बाई धुळ्याला, देवपुरात भावाकडे गेल्या होत्या. आम्हाला वाटलं, आता तिथंच राहतील. काही महिन्यांनी कळलं की यावलला खोली घेऊन राहिल्या आहेत. का, ते मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

परवा मी जळगावहून येताना यावल स्टँडवर उतरलो. ऊन तापलं होतं. शेजारच्या फलाटावर डोंगराकडच्या पाड्यांना जाणारी एसटी उभी होती, माणसांनी आणि पोत्यांनी भरलेली. खिडकीत बाई दिसल्या. केस पार पांढरे झालेले. मी धावत खिडकीपाशी गेलो.

"बाई! कुठं चाललात?"

"पाड्यावरच्या शाळेत. आठवड्यातून दोनदा जाते." त्यांना मला पाहून आनंद झाला होता, पण घाईतही दिसल्या. "पहिलीची मुलं आहेत. तिथल्या गुरुजींना पावरी येत नाही आणि मलाही येत नाही, म्हणून मी शिकते आहे. ही माझी शिक्षिका."

त्यांच्या शेजारी सात-आठ वर्षांची एक मुलगी बसली होती, आईबरोबर बाजार करून पाड्यावर परत निघालेली. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, मांडीवर पिशवी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच बाईंकडे वळली. आमच्या बोलण्यानं तिचा तास मोडला होता. तिनं एक शब्द म्हटला. बाईंनी तो म्हटला. मुलीनं मान हलवून नाही म्हटलं. बाईंनी पुन्हा म्हटला. मुलीनं स्वतःचे ओठ बोटानं दाबून दाखवले, हे असे. बाईंनी तसे ओठ केले. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, कंडक्टरनं घंटी दिली. मी मागे सरलो आणि हात वर केला. गाडी वळताना मला त्या दोघींची तोंडं एकमेकींसमोर दिसली. बाईंनी आणखी एकदा तो शब्द म्हटला, आणि मुलगी खुदकन हसून टाळ्या वाजवायला लागली. बाई इतक्या खूश झाल्या, की मला हात करायचंच विसरल्या.